तेहेतीस फेरे, चोवीस चौकटी

दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांचे उरलेले भाग तुम्ही कधी ना कधी दूरदर्शनवर किंवा एखाद्या माहितीपटात पाहिले असतील. ‘कालिया मर्दन’ हा त्यांचा १९१९ सालचा चित्रपट. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली होती. त्या काळातली अशी दृश्यं पाहताना एक गोष्ट हटकून जाणवते. माणसं लगबगीनं चालतात, हात झटकल्यासारखे हलवतात, गंभीर चेहऱ्याचा राजासुद्धा गाडी सुटायला आल्यासारखा दरबारात शिरतो. घरातली मुलं हसतात. मोठी माणसं म्हणतात, जुना सिनेमा असाच असायचा.

तो तसा नव्हता. फाळक्यांचे नट तुमच्याआमच्यासारखेच चालत होते. घाई त्यांची नव्हे, त्यांना दाखवणाऱ्या यंत्राची आहे. त्यांचं चित्रण झालं तेव्हा कॅमेऱ्यातून सेकंदाला साधारण सोळा चौकटी जात. पुढं जगभरातल्या यंत्रांनी सेकंदाला चोवीस चौकटींचा नेम धरला. सोळा चौकटींची गोष्ट चोवीसच्या चालीनं दाखवली की सगळं दीडपट वेगानं घडणार, हा साधा हिशेब.

पण हा चोवीसचा आकडा आला कुठून? मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बी. ए.ला मराठी घेतलं आणि पुढं गझला लिहीत बसलो. मात्र वृत्तात लिहिणाऱ्याला मोजदादीची सवय लागते, आणि हा आकडा मला बरीच वर्षं खुणावत होता. डोळ्याला चोवीसच लागतात असं नाही. डोळा सोळावरही निभावून नेत होता. चोवीसचा आग्रह धरला तो कानानं. आणि त्या आग्रहामागं होती लाखेची एक मोठी काळी तबकडी. मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी.

आधी मूकपटाच्या काळात जाऊ. कॅमेऱ्याला हातानं फिरवायचा दांडा असे. छायालेखक मनातल्या मनात आकडे मोजत किंवा एखादी चाल गुणगुणत तो फिरवी. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे सोळा. हात दमला की चाल मंदावे, प्रसंग रंगला की वाढे. चित्रपटगृहातही तोच प्रकार. रविवारी गर्दी असली की मालक ऑपरेटरला सांगणार, जरा पळव, एक खेळ जास्त बसव. पडद्याखाली बसलेला पियानोवाला किंवा पेटीवाला पडद्याकडं बघून आपली लय सांभाळून घेई. कुणाचं काही बिघडत नसे. चाल थोडी मागंपुढं झाली तर डोळा कुरकुर करत नाही. पाचदहा टक्क्यांचा फरक तर त्याच्या लक्षातही येत नाही.

कानाचं तसं नाही. कारण तबकडीवर उतरलेल्या आवाजात लय आणि सूर यांची गाठ मारलेली असते. गवई मैफलीत लय वाढवतो तेव्हा त्याची पट्टी बदलत नाही. पेटीवाला द्रुत वाजवू लागला म्हणून षड्ज वर चढत नाही. आपल्याकडं लय आणि सूर या दोन वेगळ्या लगामांच्या गोष्टी आहेत. तबकडीवर मात्र लगाम एकच. ती वेगानं फिरवली की गाणं लवकर संपतं आणि वरच्या पट्टीतही जातं. सावकाश फिरवली की रेंगाळतं आणि खाली उतरतं. गती फक्त सहा टक्क्यांनी बदलली, तर सूर पेटीवरच्या एका पट्टीवरून थेट लगतच्या पट्टीवर जातो.

माझ्या लहानपणी आमच्या मामूंकडं एक रेकॉर्ड प्लेअर होता. त्याला १६, ३३, ४५ आणि ७८ असे आकडे कोरलेली एक कळ होती. मामू बाहेर गेले की आम्ही भावंडं तेहेतीसची तबकडी पंचेचाळीसवर लावायचो. भरदार आवाजाची बाई एकदम शाळकरी पोरगी होऊन जायची. हसून हसून पुरेवाट व्हायची. त्या खेळात जे घडत होतं त्याचा हिशेब पुढं कळला. तेहेतीसचे पंचेचाळीस केले की षड्ज शुद्ध मध्यमाच्याही किंचित वर जातो. अठ्ठ्याहत्तरवर नेले तर सप्तक ओलांडून तो तार सप्तकातल्या कोमल गंधाराच्या आसपास पोचतो. आणि फाळक्यांच्या पटाला सूर असता, तर सोळाचे चोवीस करताना षड्ज नेमका पंचमावर जाऊन बसला असता. कारण षड्ज-पंचमाचं नातं दीडपटीचंच आहे. चालणारा माणूस दीडपट वेगानं चालला तर तो घाईत आहे असं वाटतं. बोलणारा माणूस दीडपट वेगानं बोलला तर तो दुसराच कुणीतरी आहे असं वाटतं. बोलपटाच्या जन्मातली खरी अडचण या एका फरकात आहे.

चित्राला आवाज जोडायची हौस सिनेमाइतकीच जुनी. एडिसनच्या प्रयोगशाळेत, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये, विल्यम डिक्सन यांनी १८९४-९५च्या सुमारास एक छोटा प्रयोग केला. एका प्रचंड भोंग्यासमोर ते स्वतः व्हायोलिन वाजवत उभे आहेत आणि शेजारी दोन माणसं एकमेकांना धरून नाचताहेत. आवाज मेणाच्या सिलिंडरवर उतरत होता, चित्र फिल्मवर. पुढं पॅरिसमध्ये लेऑं गोमाँ यांनी तबकडीचा ग्रामोफोन आणि प्रोजेक्टर विजेच्या तारांनी एकमेकांशी जोडले. १९१३ साली एडिसन कंपनीनं पुन्हा उचल खाल्ली. आवाजाचं यंत्र पडद्यापाशी, प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागं, आणि दोघांना बांधणारी लांबच लांब दोरी कप्प्यांवरून सभागृहभर फिरवलेली. दोरी जरा सैल झाली की नटाचे ओठ एकीकडं आणि शब्द दुसरीकडं.

या सगळ्या प्रयत्नांना तीन गोष्टी नडल्या. आवाज लहान होता, मोठ्या सभागृहात पोचत नव्हता. सिलिंडर किंवा तबकडी काही मिनिटांत संपत होती. आणि दोन यंत्रांची चाल जुळत नव्हती. पहिली अडचण विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत सुटली. रेडिओ आणि टेलिफोनसाठी तयार झालेले ध्वनिवर्धक, चांगले मायक्रोफोन आणि विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५पर्यंत हाताशी आलं. हे काम प्रामुख्यानं अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतलं आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतलं. वॉर्नर बंधूंनी ते घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘व्हायटाफोन’. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘डॉन जुआन’ हा चित्रपट संगीतासह दाखवला गेला. त्यात संवाद नव्हते; तबकडीवर वाद्यवृंद होता. पुढच्या वर्षी, ६ ऑक्टोबर १९२७ रोजी, ‘द जाझ सिंगर’ आला. त्यात अल जोल्सन गायला, मध्येच चार वाक्यं बोलला आणि सिनेमाचं जग बदललं.

आता उरलेल्या दोन अडचणींचं गणित पाहू. फिल्मचं एक रीळ हजार फुटांचं. ते संपायला साधारण अकरा मिनिटं लागत. त्या काळातली बाजारातली मोठी तबकडी बारा इंचांची, अठ्ठ्याहत्तरच्या आसपास फेऱ्यांची. ती चारपाच मिनिटांत संपायची. एका रिळात तीनदा तबकडी बदलायची म्हणजे वरातीत तीनदा घोडा बदलण्यासारखं. एका रिळाला एकच तबकडी हवी. मग तबकडी मोठी करा आणि सावकाश फिरवा.

पण सावकाश किती? तबकडीवर आवाज म्हणजे एका लांबलचक चरातली नागमोडी रेघ. सुई त्या रेघेवरून जाते तेव्हा ती थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. बारीक, तीक्ष्ण सुरांची वळणं फार जवळ जवळ असतात. चर सुईखालून पुरेशा वेगानं सरकला नाही तर ती वळणं एकमेकांत चेपली जातात आणि ‘स’, ‘श’सारखी व्यंजनं मुकी होतात. शिवाय तबकडीचा प्रत्येक फेरा सारख्याच वेळेत पुरा होतो, पण कडेचा फेरा लांब असतो आणि मधला आखूड. म्हणजे मध्यभागाकडं चर सुईखालून आणखी हळू सरकतो. शेतातली पात चालवताना बाहेरचा बैल जास्त चालतो आणि आतला कमी, तसंच.

म्हणून तबकडी सोळा इंचांची केली आणि तिला मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची चाल दिली. हिशेब करून पाहा. अकरा मिनिटांचे साधारण ३६७ फेरे होतात. ते तबकडीच्या कडेच्या साधारण चार इंचांच्या पट्ट्यात मावतात. आतला चर मध्यापासून जवळजवळ चार इंच दूर राहतो. त्या आतल्या चरावर सुईखालची गती सेकंदाला सुमारे चौदा इंच पडते. बारा इंची, अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या अगदी आतल्या चरावर ती सोळा इंचांच्या जवळपास असे. म्हणजे फेरे निम्म्याहून कमी करूनही, तबकडी थोराड केल्यामुळं, सर्वांत वाईट जागेचा आवाज फारसा खालावला नाही.

त्यात आणखी एक युक्ती होती. घरच्या तबकडीची सुई बाहेरून आत जायची. व्हायटाफोनची आतून बाहेर जायची. कारण पोलादी सुई अकरा मिनिटांत झिजते, बोथट होते. ती ताजी, टोकदार असताना तिला अवघड काम द्यायचं, म्हणजे आतल्या दाट वळणांतून न्यायचं. झिजत गेली की बाहेरच्या ऐसपैस वळणांवर सोडायचं. माणसांनाही कामं वाटून देताना हा विचार करायला हरकत नाही.

आणि तो ‘एक तृतीयांश’? तो दातेरी चाकांचा हिशेब. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या यंत्राची मोटर मिनिटाला १२०० फेरे घेई. तिला छत्तीसनं भागलं की येतात तेहेतीस आणि एक तृतीयांश. आकडा विचित्र वाटतो, पण दुसऱ्या बाजूनं पाहिला तर सुबक आहे: बरोबर तीन मिनिटांत शंभर फेरे. त्याच मोटरवरून प्रोजेक्टरही चाले. तबकडी आणि फिल्म दोघींचा धनी एकच, म्हणून दोघींची चाल बांधलेली.

मग फिल्मची चाल किती ठेवायची, हा प्रश्न आला. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे अभियंते स्टॅन्ली वॉटकिन्स यांनी पुढं सांगितलेली हकिकत मजेशीर आहे. त्यांनी वॉर्नरच्या चित्रपटगृहाच्या प्रमुख ऑपरेटरला गाठलं आणि विचारलं, तुम्ही फिल्म किती वेगानं चालवता? उत्तर मिळालं की चांगल्या मोठ्या गृहांत मिनिटाला ऐंशी ते नव्वद फूट. आणि लहान गृहांत शंभराच्या पुढं कितीही, मालकाला दिवसात किती खेळ बसवायचेत त्यावर. तेव्हा तडजोड म्हणून त्यांनी नव्वद फूट ठरवले. एका फुटात सोळा चौकटी. नव्वद गुणिले सोळा म्हणजे मिनिटाला १४४०, म्हणजे सेकंदाला चोवीस. ना यात डोळ्याचं शास्त्र, ना कलेचा सिद्धांत. एका ऑपरेटरचा अनुभव, मालकांची घाई आणि एका अभियंत्याची तडजोड. पण एकदा आवाज जोडला गेला आणि तो आकडा खिळ्यासारखा ठोकला गेला. मूकपटाच्या ऑपरेटरला असलेली मोकळीक त्या दिवशी संपली. आता फिल्म पळवली तर नायिकेचा आवाज चिरका होणार आणि पैसे मोजून आलेला प्रेक्षक ओरडणार.

ऑपरेटरच्या खोलीतलं काम कसं चाले ते जरा डोळ्यांपुढं आणा. रिळाच्या सुरुवातीला एक खुणेची चौकट असे, ती प्रोजेक्टरच्या खिडकीत नेमकी बसवायची. तबकडीवर मध्यभागाजवळ एक बाण असे, सुई बरोबर त्याच्या टोकावर ठेवायची. मग मोटर सुरू. दोघी एकदम शून्यापासून वेग घेणार. एका बाजूचं रीळ चालू असताना दुसऱ्या प्रोजेक्टरवर पुढचं रीळ आणि पुढची तबकडी तयार ठेवायची. प्रत्येक तबकडीचे खेळ मोजायचे. साधारण वीस खेळ झाले की ती बाद, नवी घ्यायची.

फिल्म तुटली तर? मूकपटात दोनचार चौकटी कापून जोड दिला की भागत असे. इथं जितक्या चौकटी गेल्या तितक्याच काळ्या चौकटी मोजून घालाव्या लागत. एक जरी कमी पडली तरी पुढचं सगळं रीळ तेवढं सरकलेलं. आणि सुईनं एक चर उडी मारली तर? एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात त्रेचाळीस चौकटी निघून जातात. म्हणजे नायक तोंड मिटून उभा आणि त्याचं वाक्य नायिकेच्या ओठांवर. ‘सिंगिंग इन द रेन’ या १९५२च्या चित्रपटात या फजितीचा एक धमाल प्रसंग आहे. त्यात पडद्यावरच्या नायिकेचा नकार खलनायकाच्या तोंडून येतो आणि खलनायकाचा होकार नायिकेच्या तोंडून. तो पाहून आज आपण हसतो. त्या काळच्या ऑपरेटरांच्या अंगावर काटा येत असणार.

ध्वनिमुद्रण तर त्याहून कठीण. आवाज मेणाच्या जाड तबकडीवर कोरला जाई. मेणात कापाकापी नाही, खोडणं नाही. गायक नवव्या मिनिटाला चुकला तर पहिल्यापासून सुरुवात. १९२६ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन ऑपेरा हाउसमध्ये काम चाललं होतं, तेव्हा जवळच्या भुयारी रेल्वेच्या खोदकामाचे हादरे थेट सुईपर्यंत पोचत. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरामनसकट कॅमेरा एका बंद खोपटात कोंडलेला.

अशा कटकटीच्या व्यवस्थेचं आयुष्य फार नव्हतं. आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या रेघांनी छापायची पद्धत शेजारीच वाढत होती. तिच्यात आवाज आणि चित्र एकाच पट्टीवर; फिल्म तुटली तरी दोघं बरोबरच तुटणार. १९३०-३१पर्यंत वॉर्नरनीही तबकडी सोडली. पण जाताना तबकडी आपली चाल मागं ठेवून गेली. तीच चित्रपटगृहं, त्याच मोटरी. त्यामुळं फिल्मवरच्या आवाजासाठीही नव्वद फूट म्हणजे चोवीस चौकटीच कायम झाल्या. तिकडं सोळा इंचांची तेहेतीस फेऱ्यांची तबकडी रेडिओनं उचलली आणि १९३०च्या दशकात मुद्रित कार्यक्रम तिच्यावरून पाठवले जाऊ लागले. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं बारीक चराची लाँग प्ले तबकडी काढली, तीही तेहेतीसचीच. मामूंच्या प्लेअरच्या कळीवरचा तो आकडा आला होता थेट सिनेमाच्या ऑपरेटरच्या खोलीतून.

आपल्याकडं बोलपट थोडा उशिरा आला. १९२९ साली कलकत्त्याच्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये ‘मेलडी ऑफ लव्ह’ हा परदेशी बोलपट दाखवला गेला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. ‘आलम आरा’चा आवाज फिल्मवरच उतरवलेला होता. म्हणजे आपण तबकडीचा पेच टाळून थेट पुढच्या पायरीवर पाय ठेवला. शहाणपणाचंच झालं. पण या शहाणपणाला एक हळवी बाजू आहे.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आवाज आणि चित्र एकाच पट्टीवर होते, पट्टी गेली तेव्हा दोन्ही एकदमच गेले. छायाचित्रं उरली, जाहिराती उरल्या. हलणारा, बोलणारा ‘आलम आरा’ गेला. उलट वॉर्नरचा १९२९ सालचा ‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ पाहा. त्याच्या चित्राचा बहुतेक भाग नाहीसा झाला, शेवटच्या रिळांखेरीज हाती फारसं काही नाही. पण तबकड्या वाचल्या. त्यामुळं तो आज पाहता येत नसला तरी ऐकता येतो. जे दोघं वेगळे राहत होते म्हणून सारखी भांडणं होत, त्यांतला एक वाचला तो वेगळा राहत होता म्हणूनच.

याच्या उलटही झालं. कुठं मुक्या झालेल्या फिल्मा संग्रहालयांत पडून होत्या; त्यांच्या तबकड्या कुणाच्या तरी तळघरात, माळ्यावर. १९९१ साली अमेरिकेत रॉन हचिन्सन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ नावाचं काम सुरू केलं. जगभरच्या संग्राहकांकडच्या तबकड्या शोधायच्या, संग्रहालयांतल्या फिल्मांशी त्यांची गाठ घालून द्यायची. कॉलीन मूर या नटीचा ‘व्हाय बी गुड?’ हा १९२९चा चित्रपट असाच. फिल्म सापडली इटलीत, तबकड्या अमेरिकेत. २०१४ साली त्याची दुरुस्त प्रत प्रेक्षकांसमोर आली.

अशी गाठ घालताना पुन्हा गतीचाच प्रश्न उभा राहतो. तबकडी तेहेतीसची, फिल्म चोवीसची, हे कागदावर ठीक. पण फिल्ममधल्या काही चौकटी कधीच्या गळालेल्या असतात. मग दुरुस्त करणारा माणूस ओठांकडं बघतो, ढोलावर पडणारी टिपरी बघतो आणि आवाजाचा ठोका तिथं नेऊन बसवतो. डिक्सनच्या त्या व्हायोलिनच्या तुकड्याचं तर शंभर वर्षांनी लग्न लागलं. त्याचं सिलिंडर तुटलेल्या अवस्थेत मिळालं होतं, ते सांधलं गेलं. चित्र तर सेकंदाला चाळीसच्या आसपास चौकटींनी घेतलेलं, चोवीसचा नेम तेव्हा जन्मायचा होता. २००० साली वॉल्टर मर्च या नामवंत संकलकानं संगणकावर दोन्हींच्या गतींचा मेळ घातला. आज त्या माणसाचा गज तारेवर फिरतो आणि नेमका तेव्हाच सूर निघतो.

आपल्या जुन्या गाण्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. गौहरजान यांचं कलकत्त्यातलं ध्वनिमुद्रण १९०२चं. त्या काळच्या तबकड्या सगळ्या अठ्ठ्याहत्तरच्या नसत. कुठली सत्तरीत, कुठली ऐंशीच्या घरात. सरसकट अठ्ठ्याहत्तरवर वाजवल्या की कुणाची पट्टी चढते, कुणाची उतरते. मग अमुक गायिका किती उंच पट्टीत गात असे, यावर रसिक वाद घालतात आणि प्रत्यक्षात वाद चाललेला असतो मोटरीच्या फेऱ्यांवर. गौहरजान गाण्याच्या शेवटी आपलं नाव सांगत, हे अशा वेळी उपयोगी पडतं. गाण्याची पट्टी कुठलीही असू शकते. बोलण्याचा आवाज मात्र माणसाच्या आवाजासारखा वाटला पाहिजे.

एवढं लांब कशाला? आपल्या घरातला जुना टीव्ही सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवायचा, कारण आपली वीज पन्नास आवर्तनांची. चोवीसचा सिनेमा त्यावर पंचवीसनं पळवला जाई. थिएटरात अडीच तास चालणारा चित्रपट टीव्हीवर सहा मिनिटं आधी संपे, आणि सूर सुधारून घेतला नाही तर प्रत्येक गाणं पेटीवरच्या एका पट्टीच्या पाऊण हिश्शाइतकं चढलेलं असे. ज्यांनी ती गाणी फक्त टीव्हीवर ऐकली, त्यांच्या कानात ते आवाज तसेच बसले.

आता यंत्रं बदलली आहेत. संगणकानं लय आणि सुराची ती जुनी गाठ सोडवली आहे. मोबाइलवर कुणाचाही निरोप दीडपट किंवा दुप्पट वेगानं ऐकता येतो आणि आवाज चिरका होत नाही. आमच्या घरातली तरुण मंडळी भाषणं, मुलाखती आणि नातेवाइकांचे लांबलेले निरोप असेच ऐकतात. वेळ वाचतो, हे खरं. मीही कधी कधी तसंच ऐकतो.

पण दुप्पट वेगात माणसाचं थांबणंही अर्धं होतं. शेर म्हणताना पहिल्या ओळीनंतर कवी थांबतो. त्या थांबण्यात ऐकणारा दुसऱ्या ओळीची वाट बघतो, आणि निम्मा शेर तिथं घडतो. आजारी माणूस बोलता बोलता थांबतो, त्यातही निरोप असतो. तबकडी पळवली की ती निदान चिरकी होऊन सांगायची, तुम्ही माझ्यावर जबरदस्ती करताय. म्हणून तर वॉटकिन्ससारख्या लोकांना फेरे मोजावे लागले आणि दुसऱ्याच्या बोलण्याची चाल ही त्याची स्वतःची असते, हे यंत्राच्या तोंडून कबूल करावं लागलं. आजचं यंत्र तक्रार करत नाही. तेव्हा चाल किती ठेवायची, हे मोजायचं काम आता ऐकणाऱ्याकडं आलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)